आधी धाबं का आधी अंगण

शेषराव : चाची, पह्यले पहार दे. मांडववाला वर बोंबलून राह्यला.

इमामबी : कोन्ती पहार?

शेषराव : हेच. मांडीखाली घेऊन बसली ते.

इमामबी : हे तं माही आहे. माह्या घरात आली नं. वरतून आली, अल्लानं धाडली. मातीचं धाबं फोडून, छतातून थेट वरणाच्या गंजात. पाह्य, भितीले वरण, लुगड्याले वरण, अन् ते कोंबडी पाह्य, पिवयीजर्द झाली. लग्न तुह्या पोरीचं, हळद माह्या कोंबडीले!

शेषराव : मांडववाला धाड गावचा आहे, चाची. त्याले काय ठावं? त्यानं अंगण पाह्यलं, खांब गाडाले गड्डा खंदला.

इमामबी : त्याले ठावं नाही, तुले तं ठावं आहे. तुह्या अंगणात हातभर खंदलं का खाली माही चूल लागते. लहान होता तं गोट्या खेयाले बोटभर खड्डा करू देत नव्हती मी तुले. आता मिशा पिकल्या तं पहार घालतं काय?

शेषराव : बरं, झालं ते झालं. भोक मी बुजवून देतो. वरण माही बायको करून देईन, फोडणी घालून. पण परवा लग्न आहे. खांब उभे नाही राह्यले तं पाहुणे उन्हात बसतीन काय?

इमामबी : बसू दे. उन्हानं हाडं मजबूत होतात.

शेषराव : चाची!

इमामबी : वरडू नको. पहारही देत नाही अन् मांडवही घालू देत नाही. माह्या धाब्यावर लग्न होत नाही. जाय, सांग त्याले.

शेषराव : धाबं तुहं, कबूल. पण वरून ते माहं अंगण आहे का नाही?

इमामबी : आहे नं. मंग टेकडीपुऱ्याची रीत काय आहे? खालच्याचं धाबं तेच वरच्याचं अंगण. म्हून वरच्यानं कार्य काढलं का त्यानं खाली याव, गोड गुयाचा खडा आणाव, अन् तोंडानं म्हणाव, धाबं मागाले आलो. तुहा बाप आल्ता तुह्या लग्नाच्या वक्ती. फेटा बांधून आल्ता. तू आला काय?

शेषराव : येणार होतो. पण त्या दिवशी बुलढाण्याचे पाहुणे अंगणात बसेल होते. नवरदेवाचे मामा, भगवंतराव. त्याइच्या समोरून गूय घेऊन खाली कसा येऊ?

इमामबी : काऊन? पाय मोडले होते?

शेषराव : ते मंग सांगतो.

इमामबी : अन् पत्रिका? खालच्या सकलैनच्या झेबानं वाचून दाखवली मले. पोट्टीनं तीनदा वाचली, मले खरं वाटे ना. “आमचे राहते घराचे प्रशस्त अंगणात.” प्रशस्त म्हंजे काय बे?

शेषराव : मोठं.

इमामबी : मोठं! तीन बाजा टाकल्या का चवथी खाली पडते. अन् “आमचे” कोणाचे? तेथी लिवाले पाहिजे होतं, इमामबीच्या धाब्यावर.

शेषराव : अन् बुलढाण्याचे लोक काय वाचतीन? ढाबा! शेषराव पोरीचं लग्न ढाब्यावर लावून राह्यला! भगवंतराव फोन करून इचारन, हायवेवर कोठी उतराव म्हून.

इमामबी : इचारू दे. सांग, पेट्रोल पंपाच्या बाजूले.

शेषराव : तुले मजाक सुचून राह्यली. अन् हे काय तू धाबं-धाबं लावलं? खरं पाह्यलं तं आधी अंगणच होतं. माहा पणजा सहदेवबुवा, ह्या टेकडीवर पह्यलं घर त्याचं. तुह्या घरवाल्याचा पणजा पिंजारी, आला धनुकली खांद्यावर टाकून. माघातली गारपीट. म्हणे, बुवा, कापूस भिजते, आडोसा द्या. पणज्याले दया आली. अंगणाच्या बांधाखाली जागा देल्ली, एका रातीपुरती. तुह्यावाल्यानं उंदरावानी रातभर कोरलं. सकायी बुवा उठून पाह्यते, तं खाली दार!

इमामबी : अन् कडी?

शेषराव : कडी लावेल. आतून.

इमामबी : अन् ह्या उंदरानं सागवानाचे सरे कोठून आणले? वर पाह्य. मुंडी वर कर. अंगणाखाली कोणी लाकडाचे सरे टाकते काय बे?

शेषराव : ते मांगून टाकले.

इमामबी : मांगून! म्हंजे तोवर तुहं अंगण हवेत उभं होतं.

शेषराव : जमीन घट होती तेव्हा.

इमामबी : खरं मी सांगतो. माहा घरवाला हबीब सांगे मले, त्याले त्याचा बाप सांगे. तुहा सहदेवबुवा भावाइसंगं भांडला. कायले? भाकरीवर तूप कमी पडलं म्हून. निंघला घरातून रुसून, अन् आला आमच्या पिंजाऱ्याकडं. घरात जागा कोठी? सगळा पिंजेल कापूस. पिंजारी म्हणे, बुवा, जाय धाब्यावर झोप. अन् गादी देल्ली, नवी भरेल, अशी नरम. बुवाले जे झोप लागली, जे झोप लागली, चार पिढ्या झाल्या, अजून खाली उतरला नाही!

शेषराव : साफ खोटं आहे हे.

इमामबी : खोटं कसं? तुमच्या खानदानाची झोप पाहून समजत नाही काय?

शेषराव : आमच्या गावात सगळ्याइले ठावं आहे, आधी अंगण.

इमामबी : गावाचं सांगू नको. ह्या टेकडीवर कोन्तं घर खरं बोलते? केसरबाईच्या घराले दोन दारं काऊन आहेत? नवीन माणूस आला का ते सांगते, निजामाच्या हद्दीतून रझाकार येत, पयाले मांगून दार पाडलं. कोठचे रझाकार? सासू पुढच्या दारात बसे, सुपारी कातरत. केसरबाईले पंचमीच्या झोक्यावर जाले भेटे ना. तिनं नवऱ्याले दोन दिवस उपाशी ठेवलं, तं त्यानं मांगून दार पाडून देल्लं.

शेषराव : हे मले नव्हतं ठावं.

इमामबी : अन् शालिग्रामची बीटी माडी? तुह्या डोयादेखत झाली ते तं. पह्यल्या साली बीटी कापूस धो-धो आला. गड्यानं सिमिटाचा जिना बांधला. म्हणे, औंदा जिना, पुढच्या साली माडी. पुढच्या साली कापूस आला नाही, माडी कोठून येईन? जिना तसाच आभायात जाते. बकऱ्या चढून हवा खातात. अन् शालिग्राम पाहुण्याले सांगते, वरची माडी इंग्रजाइनं तोफेनं पाडली!

शेषराव : अन् जिना बराबर वाचला.

इमामबी : इंग्रज होते ना बापा. निशाणा पक्का.

शेषराव : हसवू नको, चाची. मले हसाचं नाही आज. बीटीचं नाव काढू नको. पाकिटावर लिवेल होतं, बोंडअळी येत नाही.

इमामबी : अळीले वाचता येते काय?

शेषराव : गुलाबी आली औंदा. बोंड फोडलं का आत बसेल, लोडाले टेकून, दिवाईच्या जावयावानी. झाडं उभे हिरवेगार, अन् आत काही नाही. शेवटी पऱ्हाटीत बकऱ्या सोडल्या. म्हून तं घरी लग्न करून राह्यलो. नाहीतं धाडच्या मंगल कार्यालयात केलं असतं. तुह्या पाया कायले पडलो असतो?

इमामबी : अजून पडला कोठी?

शेषराव : पडतो. पहार बाजूले कर, पडतो.

इमामबी : थांब. पह्यले एक सांग. झेबा म्हणे, ते भगवंतराव खाली सडकेवर उभे राहून बोट दाखवून मोजत होते. एक, दोन, तीन. काय मोजत होते?

शेषराव : काय माहीत.

इमामबी : शेषा.

शेषराव : मजले.

इमामबी : कोणाचे?

शेषराव : आता कसं आहे, सडकेवरून पाह्यलं तं सकलैनचं घर, त्याच्यावर तुहं, तुह्यावर माहं, असं एकावर एकच दिसते. चुनाही सगळ्याइनं एकच लावेल. ते म्हणे, वा शेषराव, तीन मजली इमारत आहे तुमची! मी नाही म्हटलं तीन मजली. त्यानंच मोजले.

इमामबी : अन् तू?

शेषराव : मोजू देल्ले.

इमामबी : सकलैनले सांगतलं काय, तू तळमजला झाला म्हून?

शेषराव : त्याले नको सांगू. भाडं मांगन.

इमामबी : अन् मी कोण? मधला मजला?

शेषराव : त्याइनं इचारलं, मधात कोण राह्यते. मी म्हटलं, आमची एक म्हातारी आहे.

इमामबी : आमची म्हटलं?

शेषराव : मंग? खोटं आहे काय ते?

इमामबी : गोड बोलू नको. अन् म्हून गूय घेऊन खाली आला नाही तू. मामानं पाह्यलं असतं, आपल्याच मधल्या मजल्याले हात जोडाले चालला.

शेषराव : पोरगा बँकेत आहे, चाची. बुलढाण्याले. निशीले नोकरी करू देईन म्हणते. मी वावराकडं पाह्यलं, अन् म्हटलं, माही पोरगी एवढी तं ह्या अळीतून सुटली पाहिजे. अन् हे स्थळ तीन मजल्यावरून मोडलं, तं मी काय करू? म्हून म्हणतो, परवाचा दिवस जाऊ दे. तू फक्त मजल्याचं बोलू नको.

निशिगंधा : (वर अंगणात उपडी पडून, पहारीच्या भोकाला तोंड लावून) बाबा, त्यांना सगळं माहीत आहे.

इमामबी : या अल्ला! धाबं बोललं!

शेषराव : निशे! परवा लग्न, अन् अंगणात उपडी पडून राह्यली? कोणी पाह्यलं तं?

निशिगंधा : कोण पाहणार? मांडववाला चहा प्यायला गेला. मी केव्हाची ऐकून राह्यले. दादी, ते सहदेवबुवाच्या गादीचं पुन्हा सांग ना.

शेषराव : गादी गेली खड्ड्यात. कोणाले काय माहीत आहे?

निशिगंधा : ह्यांना. म्हणजे... त्यांना. मी आधीच मेसेज केला होता, आपलं लग्न दादीच्या धाब्यावर आहे. तर उत्तर काय आलं? “ढाबा शुद्ध शाकाहारी आहे ना? मामा माळकरी आहेत.”

इमामबी : अय माय! अजून ढाबाच!

निशिगंधा : मग मी फोन करून समजावलं. ढाबा नाही, धाबं. खाली सकलैनचाचा, मधे दादी, वर आम्ही. फोनवर हसून हसून त्यांना ठसका लागला. त्यांनी मामांनाही सांगितलं.

शेषराव : मामाले सांगतलं! अन् मामा काय म्हटले?

निशिगंधा : म्हणाले, मजले किती का असेनात, जेवण ढाब्यावरचं नको.

शेषराव : एवढंच?

निशिगंधा : एवढंच. आणि म्हणाले, शेषराव माणूस सरळ आहे, मी मोजत होतो तर बिचारा मधे बोलला नाही.

इमामबी : सरळ! शालिग्रामच्या जिन्यावानी.

शेषराव : मंग झालं! चाची, आता काही भानगडच नाही राह्यली. सगळं उघडं झालं. आण इकडं पहार.

इमामबी : नाही देत.

शेषराव : आता काऊन?

इमामबी : नाही देत म्हटलं नं. आधी कबूल कर, आधी धाबं होतं.

शेषराव : बरं, आधी धाबं. आण.

इमामबी : असं पटकन कबूल करते काय कोणी? तुह्या बापानं मरेपर्यंत कबूल नाही केलं. मजाच गेली. जाय, मी देत नाही.

शेषराव : मंग तुले पाहिजे तरी काय, बाप्पा?

निशिगंधा : बाबा, तुम्ही दादीला बीबी गावाला जायला सांगितलं ना?

शेषराव : ते तिच्याच भल्याचं होतं. वर एवढे माणसं नाचतीन, धाबं जुनं आहे, माती झडन. काही झालं तं? म्हून जीप ठरवली, अंजुमकडं सोडून देतो, दोन दिवस लेकीकडं राह्यजो म्हटलं. चाची हावही म्हटली.

निशिगंधा : आणि मामा खाली डोकावले तर मधल्या मजल्यात कोणी सापडायला नको.

शेषराव : ...तेही थोडं होतं.

निशिगंधा : दादी, तू बोलत काऊन नाही?

इमामबी : काय बोलू? तुह्या बापानं म्हटलं, मी हाव म्हटलं. गठुडं बांधलं. मंग सोडलं. सकायी उठून पुन्हा बांधलं, अन् चुलीवर वरण ठेवलं, म्हटलं जेवून निंघतो. तेवढ्यात वरतून पहार आली. म्हटलं, चाल, आता भांडाले कारण भेटलं.

शेषराव : एवढा राग होता तं कालच बोलाचं होतं.

इमामबी : राग नव्हता बे. वाईट वाटलं मले. साऱ्या टेकडीपुऱ्याले आवतन, शालिग्रामच्या बकऱ्याइलेही देशीन तू. अन् जिच्या डोक्यावर लग्न लागते तिले बीबीची जीप! म्हंजे मी एवढी परकी झाली काय? हबीब असता तं तुही हिंमत झाली असती?

शेषराव : नसती झाली.

इमामबी : मंग?

शेषराव : चुकलं, चाची.

इमामबी : नुसतं चुकलं म्हणून होते काय?

शेषराव : निशे, घरात जाय. डब्यातून गुयाचा खडा आण, मोठा पाहून. अन् टाक खाली.

निशिगंधा : भोकातून?

शेषराव : मंग? पायऱ्या उतरून येईपर्यंत हे पुन्हा फिरन.

निशिगंधा : आणला. सांभाळा!

इमामबी : अय अय! कोंबडीच्या डोक्यात टाकला! आज हे कोंबडी वाचत नाही तुमच्या घराण्याच्या हातून.

शेषराव : दे, मी झटकतो त्याले. हं. चाची, धाबं मागाले आलो.

इमामबी : फेटा?

शेषराव : हे दस्ती बांधतो डोक्याले. चालन?

इमामबी : चालन. घे बाबा धाबं, रोज तुह्याच पायाखाली असते. अन् हे तुही पहार. पण धाब्यात खांब गाडाचा नाही.

शेषराव : नाही गाडत. टिपाडात रेती भरून त्याच्यात उभे करतो. अन् खालून तुह्या सऱ्याइले लाकडाचे टेकू देतो आजच. तुहा जीव जाऊ देतो काय मी? अन् तुह्यासाठी वर खुर्ची, एकदम पुढं, भगवंतरावाच्या बाजूले.

इमामबी : ह्या गुडघ्यानं वर कोण चढते? मी येथीच बसतो, खाली.

निशिगंधा : दादी, तुला तिथून काहीच दिसणार नाही.

इमामबी : दिसाचं काय करू? तू रांगाले लागली तेव्हापासून मी तुले ऐकूनच राह्यली. धप-धप आलं का समजते, पोट्टी कालेजातून आली, भूक लागली. घसटत आलं का पेपर वाईट गेला. अन् टाचा उचलून आलं, रातच्याले, का समजते फोनवर बोलाले अंगणाच्या कोपऱ्यात चालली.

शेषराव : रातच्याले? कोणासंगं?

निशिगंधा : दादी!

इमामबी : बँकवाल्यासंगंच बे. तूच तं जमवलं. हबीब गेला तेव्हा लोक म्हणे, म्हातारी एकटी पडली. मी म्हटलं, एकटी कायची, वर पोट्टी आहे नं. आता परवापासून वर कोण आहे? तुहा बाप चालते तं बैल चालल्यावानी.

निशिगंधा : बुलढाणा काय दूर आहे, दादी? एसटीत बसलं की आलं.

इमामबी : दूर नाही वं. पण माह्या डोक्यावर नाही नं.

शेषराव : चाची, असं नको करू. मलेही मंग...

इमामबी : तू रडू नको, तू रडला का लय कुरूप दिसतं. ऐक. वर किती नाचाचं तितके नाचा. माती पडू दे माह्या डोक्यात, झटकून घेईन. बँड लाव, डीजे लाव, काही म्हणत नाही. फक्त सप्तपदीच्या वक्ती सगळं बंद ठेव. मले तिचे पावलं ऐकू आले पाहिजे.

शेषराव : बँडवाल्याले आत्ताच सांगतो.

निशिगंधा : मी पाय आपटून चालीन, दादी.